१४,००० पौंडांचा गृहस्थ

टेक्सासमधल्या कुठल्याही उपनगरात शनिवारी सकाळी हा गृहस्थ आपल्या पिकअपला टेकून उभा असतो. आपल्याकडे ‘ॲव्हरेज किती देते?’ असं विचारावं तरी लागतं. हा न विचारताच सांगतो. ‘चौदा हजार पौंड ओढते’ आणि त्याच दमात ‘गॅलनला पंचवीस मैल!’ दोन्ही आकडे खरे आहेत, पंचाईत एवढीच की ते एका गाडीचे नाहीत. २०२१च्या फोर्ड एफ-१५० मध्ये १४,००० पौंड, म्हणजे सहा टनांहून जास्त, ओढायची ती साडेतीन लिटर टर्बो इंजिनाची, तीही ट्रेलरसाठीचं खास पॅकेज घेतलेली. २५ मैल द्यायची ती हायब्रिड, आणि तिची ओढ १२,७०० वर थांबायची. हा मात्र दोन भावांचे मार्क एकाच प्रगतिपुस्तकात लिहून मोकळा होतो. शिवाय ते २५ मैल मागे काहीही न जोडता मोजलेले. उंच कॅम्पर जोडला की वारा आडवा येतो आणि मायलेज सहज निम्म्यावर उतरतं.

बरं, ओढीचा आकडा कंपनीने हवेतून काढला म्हणावं, तर तसंही नाही. जे-२८०७ या मानकानुसार ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसकट, ठरलेला वेग राखत चढावा लागतो. पण त्या चाचणीत याचं कुटुंब बसलेलं नसतं. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीच्या आकड्यावाटे, म्हणजे ‘हिच’वाटे, गाडीवरच येतो. दहा हजार पौंडांचा कॅम्पर म्हटला की हजार-दीड हजार पौंड तिथेच गेले. उरलेल्यात स्वतः, बायको, दोन धष्टपुष्ट मुलं, कुत्रा आणि बर्फाने भरलेला कूलर. गाडीत एकूण किती भार चालेल ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. काचेचं छप्पर आणि गुबगुबीत सीटा घेतल्या की तो आकडा आणखी घटतो. ते दार हा रोज उघडतो. चिकटवलेलं वाचत नाही.

‘पण कधीतरी लागतेच ना?’ हा त्याचा हुकमी सवाल. स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेच्या पाहणीत सुमारे ७५ टक्के पिकअपवाले वर्षातून एकदा ओढतात किंवा तेवढंही नाही. मग त्या दिवसापुरती भाड्याने घ्यावी, तर भाड्याच्या गाडीला ट्रेलर जोडू न देणारे पुष्कळ. इथे त्याचं म्हणणं मान्य करावंच लागतं. तरी हिशेब सुटत नाही. वर्षाला १२,००० मैल धरले, तर गॅलनला १८ मैल देणारी पिकअप ३० मैल देणाऱ्या मोटारीपेक्षा सुमारे २६७ गॅलन जास्त पिते. एका दिवसाच्या ओढीची ही वर्षभराची वर्गणी. घोडे नाहीतर ट्रॅक्टर ओढणारे खरे गरजू लोकही आहेत. ते मुकाट्याने अवजड डिझेल पिकअप घेतात आणि मायलेजचं नाव काढत नाहीत. आपला गृहस्थही वर्षातला तो एक दिवस मायलेजबद्दल बोलत नाही. समोरच्या पडद्यावर ‘९’ दिसला की बटण दाबून तिथे टायरमधली हवा लावतो आणि बायकोला सांगतो, ‘चारही टायर उत्तम आहेत.’