बक्षीस बघू नका, पानं उघडा

जालना असो, अंबड असो की भोकरदन, चार वाचणारी माणसं एकत्र येऊन वाचनगट काढतात आणि पहिल्याच बैठकीत ठराव होतो, "यंदाची अकादमीवाली कादंबरी घेऊ." टाळ्या, चहा, बैठक संपली. या ठरावाला निवड म्हणत नाहीत. निवडीची जबाबदारी परीक्षकांवर ढकलून आपण मोकळे झालो, एवढंच घडलं.

मुळात दरवर्षी 'अकादमीवाली कादंबरी' असतेच कुठे? साहित्य अकादमीचा पुरस्कार प्रत्येक भाषेतल्या एका पुस्तकाला असतो, मग ते कवितेचं असो की समीक्षेचं. २००९ ते २०१९ अशी सलग ११ वर्षं मराठीत एकाही कादंबरीला तो मिळाला नाही. कविता, कथा, ललित, समीक्षा आणि नारळीकरांचं आत्मचरित्र, सगळ्यांची पाळी आली; कादंबरीची नाही. त्या काळात मराठीत वाचण्याजोगी कादंबरी आलीच नाही, असं कोण म्हणेल? २०२० चा पुरस्कार नंदा खरे यांच्या 'उद्या'ला जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. नाकारल्याने कादंबरीतलं एक अक्षरही बदललं नाही.

पुरस्कार ही शिफारस आहे. स्थळ कुणीही सुचवावं. सोयरीक घरच्यांनी बघूनच करावी.

मग बघायचं काय? आपल्या तालुक्याला बोलतं करील का, हे. निम्न दुधना प्रकल्पात परतूरकडच्या गावांच्या जमिनी गेल्या. तिथल्या गटाने १९९२ चा पुरस्कार मिळालेली विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' घ्यावी, किंवा २०२३ ची कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. दोन्हींत धरणाने उठवलेली माणसं आहेत. ज्याच्या घरात मोबदल्याची फाईल अजून जपून ठेवलेली आहे, त्याला या कादंबऱ्यांवर बोलायला प्रस्तावना लागणार नाही.

पण जालना जिल्ह्यासाठी एकच निवडायची, तर माझं मत २००४ चा पुरस्कार मिळालेल्या, सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला. लेखक शेजारच्या बुलढाण्याचे. शिकूनसवरून नोकरी न मिळालेला आणि शेतीत अडकलेला एकनाथ, त्या घरात घुसमटलेली त्याची बायको, हातातून निसटत चाललेली कोरडवाहू शेती. या जिल्ह्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, सळईचे कारखाने आहेत आणि पदवी घेऊन पारावर बसलेली पोरंही आहेत. ही कादंबरी वाचल्यावर बाप एक बोलेल, मुलगा दुसरं, सून तिसरं. गटाला हेच हवं असतं. सगळ्यांनी "छान आहे" म्हणून मान डोलवायची असेल, तर एकत्र बसायचं कशाला?

"प्रती कुठून आणायच्या?" ही सबब चालणार नाही. श्रावणात गावोगाव पोथी लावतात. एक जण वाचतो, एक जण अर्थ सांगतो आणि अख्खी आळी ऐकते, अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा. एका प्रतीत महिनाभर वाचन चालतं. ही रीत कादंबरीला लावा. प्रत गावच्या सार्वजनिक वाचनालयात मागा, नसेल तर मागणी नोंदवा. कपाटात असेल, तर पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघा. कित्येकदा पुठ्ठ्यावर 'पुरस्कारप्राप्त' ठळक छापलेलं असतं आणि चिठ्ठीवर एक शिक्का नसतो. ज्या पुस्तकाचा सत्कार झाला आणि वाचन झालं नाही, त्याच्यावर अन्यायच झाला.

गटाला एकच नियम पुरे: ज्याने निदान ३० पानं वाचली असतील, त्यानेच पुस्तक सुचवावं, आणि त्यातली दोन पानं बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावीत. ऐकताना माणसं मोबाईल काढायला लागली, तर पुस्तक बाजूला ठेवा, मग त्याला कितीही मोठा पुरस्कार असो. मध्येच कुणी "हे तर आमच्याकडचंच!" म्हणालं, तर पुढचं पुस्तक ठरलं.

'बारोमास' पटत नसेल, तर जरूर विरोध करा. फक्त दुसरी कादंबरी वाचून या आणि मग भांडा.