पट्टेवाल्यांना मानखुर्दहून एक पत्र

प्रति,
जगभरचे हेवीवेट मुष्टियुद्धांचे प्रवर्तक, त्यांचे वकील, वाहिन्यांचे साहेब आणि समस्त पट्टेवाले यांस,

विषय : दोन वजनदार माणसांची लढत एकदाची लावून देणेबाबत.

महोदय,



मी मानखुर्दला राहतो. सौदा कसा मोडतो आणि मोडलेला कसा जुळतो, हे बघायला इथे तिकीट लागत नाही. मंडाळ्याच्या भंगार बाजारात सकाळी एक फेरी मारली की पुरे. माल काट्यावर चढतो, भाव बोलला जातो, मालवाला रागाने पाठ फिरवून चार पावलं जातो, मागून हाक येते आणि चहा संपायच्या आत माल उतरलेला असतो. तुमच्याकडे तर मोजून दोन नग, वजन दोघांचं मिळून सव्वादोनशे किलोच्या वर. तरी तुमचा काटा वर्षानुवर्षं हलत नाही.

१६ मे २०२१ ला टायसन फ्युरीने छाती ठोकून सांगितलं, १४ ऑगस्टला सौदी अरेबियात अँथनी जोशुआशी गाठ आहे. दुसऱ्याच दिवशी लवादाचा निकाल आला : आधी डिऑन्टे वाइल्डरशी कबूल केलेली तिसरी लढत लढा. म्हणजे इकडे पत्रिका वाटून झाल्या आणि मग कळलं, नवरदेवाची सुपारी दुसरीकडेच फुटलेली आहे! २०२२ मध्ये पुन्हा बैठक बसली. ६०-४० च्या वाट्याला जोशुआकडच्यांनी मान डोलावली. मग सहीच्या मुदतींवर मुदती पडल्या आणि ३ डिसेंबरला फ्युरी लढला तो डेरेक चिसोराशी, तेही तिसऱ्यांदा.

आता पट्टेवाल्यांविषयी. आमच्याकडे पट्टेवाला साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसतो. तुमच्याकडे पट्टेवाले आत बसतात आणि विश्वविजेता बाहेर ताटकळतो. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ, अशी पट्टे वाटणाऱ्या संघटनांची चार दुकानं. प्रत्येकाचा पट्टा वेगळा, मानधनातली टक्केवारी वेगळी आणि ‘आधी याच्याशीच लढ’ म्हणून पुढे केलेला आव्हानवीरही वेगळा. नोव्हेंबर २०१५ मध्ये याच फ्युरीने व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं. करारानुसार क्लिच्कोशी परत लढणं त्याला भाग होतं, आयबीएफला मात्र आपला माणूस पुढे हवा होता. पंधरवडा उलटायच्या आत पट्टा काढून घेतला. रिंगमध्ये जो हरला नाही, तो कागदावर चीत झाला.

पण खरी गोम पट्ट्यात नाही. तुमच्या करारनाम्याची पानं मी माझ्या परीने चाळली (वर्तमानपत्रांतून, हे कबूल करतो) आणि एक गोष्ट ध्यानात आली. तुमचा करार लढतीचा नसतोच, तो हरण्याचा असतो. जिंकणाऱ्याचं कसंही निभावतं. हरणाऱ्याचा उद्याचा भाव काय, त्याला परतीची लढत मिळणार का, कुठल्या गावात, कुठल्या वाहिनीवर, तेव्हा वाटा किती, यावरच महिने जातात. एकदाही न हरलेला मुष्टियोद्धा म्हणजे न फोडलेला नारळ. आत पाणी आहे की खवट खोबरं, हे कळेपर्यंतच त्याला भाव. मग फोडायची घाई कुणाला? लढत ‘होणार, होणार’ म्हणून गाजत असते, तेवढ्यात दोघेही सोप्या गड्यांशी लढून पैसे करतात. वाट बघण्यावर सगळ्यांचं पोट चालतं, वाट बघणारा सोडून.

हा रोग तुमच्याकडे जुनाच. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुपर हेवीवेटच्या अंतिम लढतीत लेनक्स लुईसने रिडिक बोवला हरवलं. दोघे व्यावसायिक झाले आणि जग दुसऱ्या गाठीची वाट बघू लागलं. पैशांवरून बोलणी फिसकटली आणि डिसेंबर १९९२ मध्ये बोवने लंडनमध्ये आपला डब्ल्यूबीसीचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. देवनारचं डंपिंग आमच्या शेजारी आहे, तेव्हा कचऱ्यात टाकलेल्या वस्तूचं मोल आम्हाला कुणी शिकवू नये. इथे तो पट्टा संध्याकाळपर्यंत पितळेच्या भावात गेला असता. त्याच १९९२ मध्ये, वर्षानुवर्षं मानखुर्दला येऊन थांबणारी आमची लोकल खाडी ओलांडून वाशीला पोचली. रेल्वेला खाडी ओलांडता आली. लुईस आणि बोव मात्र व्यावसायिक रिंगमध्ये समोरासमोर आले नाहीत ते नाहीतच.

असा पेच आमच्याकडे कसा सुटतो, तेही ऐका. आमच्या गावच्या जत्रेत मी दोन वर्षं कुस्त्यांचा पंच होतो. एकदा एक पैलवान अडून बसला. जोड वजनाने भारी आहे, इनाम वाढवा. हलगी थांबली. वकील कुठून आणणार? म्हाताऱ्या पंचांनी त्याचं मनगट धरलं आणि मैदानाच्या कडेने फेरी काढली. बसलेल्यांतून कुणी शंभर काढले, कुणी पाचशे. फेरी पुरी झाली तेव्हा वाढीव रक्कम भोंग्यावर पुकारली गेली. गड्याने लांग कसली, मूठभर माती जोडीच्या खांद्यावर टाकली आणि बाराव्या मिनिटाला घिस्सा डावावर स्वतःच आभाळ बघितलं. वाढवून घेतलेलं इनाम समोरचा घेऊन गेला. पुढच्या वर्षीच्या पत्रकात मात्र हरलेल्याचं नाव होतं, तेही वरच्या ओळीत. कुस्ती निकाली झाली होती ना!

आमचं सगळं सोवळं आहे, असा दावा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये संघटनांच्या भांडणापायी महाराष्ट्र केसरीची दोन मैदानं झाली. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अंतिम फेरीत हरवलं. तोच राक्षे त्याच महिन्यात धाराशिवला हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. एकाच महिन्यात हरलेलाही तोच आणि केसरीही तोच. तुमचा वाण नाही पण गुण लागला, तो असा.

घासाघीस करूच नका, असंही म्हणणं नाही. डोक्यावर ठोसे खाणाऱ्याने चार पैसे जास्त मागितले तर त्यात गैर काय? जुन्या जमान्यातला विश्वविजेता ‘जो लुईस’ याच्यासारखा बादशहा कराच्या देण्यात बुडाला, ते जगाने पाहिलंय. मागणी इतकीच :

१. इनामाचा आकडा लढतीआधी भोंग्यावर पुकारावा.
२. तारीख जाहीर करण्याआधी जुनी सुपारी फुटली आहे का, घरी विचारून घ्यावं.
३. परतीच्या लढतीचं भांडण पहिली लढत झाल्यावर करावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मानखुर्दचा एक प्रेक्षक

ता.क. : २०२३ मध्ये युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने फ्युरीची ७०-३० ची अट मान्य केली आणि स्वतःसाठी ३० टक्के घेतले. उलट मागितलं ते एवढंच, की फ्युरीने त्याच्या देशाला दहा लाख पौंड द्यावेत. तरीही परतीच्या लढतीच्या कलमावर गाडी अडली आणि वर्ष वाया गेलं. अखेर १८ मे २०२४ ला दोघे रियाधमध्ये भिडले, उसिक जिंकला. ज्यासाठी वर्षभर अडून बसले, ती परतीची लढतही २१ डिसेंबरला झाली. तीही उसिकनेच जिंकली.