एजंट पाहावा करून

शनिवारच्या 'प्रॉपर्टी' पुरवणीत दर दोन-तीन महिन्यांनी एक लेख न चुकता येतो: आपल्या परिस्थितीला साजेसा एजंट कसा निवडावा. आपल्या गरजा ओळखा, किमान तीन एजंटांच्या मुलाखती घ्या, त्यांचा अनुभव विचारा, फी लेखी ठरवा. लिहिणाऱ्याचं स्वतःचं घर वडिलोपार्जित असणार, अशी मला दाट शंका आहे. आमचे साडू कोथरूडचा फ्लॅट विकून म्हैसूरला जायला निघाले (मुलगी तिकडे हेब्बाळच्या इन्फोसिसमध्ये, शिवाय हवा बरी) तेव्हा हे कात्रण त्यांच्या पाकिटात होतं. तीन मुलाखती मी घेतल्या, असं ते सगळ्यांना सांगतात. मी बरोबर होतो. मुलाखती त्यांच्या झाल्या.

पहिला एजंट कुवेंपुनगरच्या एका दर्शिनी हॉटेलात उभ्या-उभ्या भेटला. म्हैसुरात हा इसम ऑफिसात फारसा सापडत नाही. त्याचं ऑफिस म्हणजे स्कूटरची डिकी. ती उघडली की रेनकोट, झेरॉक्सांचा गठ्ठा, चामुंडीच्या कुंकवाची पुडी आणि किल्ल्यांचे जुडगे. प्रत्येक जुडग्याला पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्यानं बांधलेला, त्यावर बॉलपेननं रस्त्याचा नंबर. त्यातली एक तरी किल्ली कुठल्याच कुलपाला लागत नाही, पण ती तो टाकत नाही. कॉफीचा पहिला घोट घेऊन त्यानं सुरुवात केली. माणसं किती? म्हातारं कोणी? कुत्रं? पाहुणे फार येतात का? पेन्शन केंद्राची की राज्याची? साडूंनी 'तुमचा अनुभव किती' असं कात्रणाबरहुकूम विचारलं, तेव्हा त्यानं 'नाव काय म्हणालात सार?' असं विचारून विषय आडनावावर आणला.

आडनाव ऐकून तो जरा घोटाळला. कुलकर्णी, देशपांडे, जोशी असतं तर त्याला सोपं गेलं असतं; ती आडनावं धारवाडकडे ढीगभर. साडूंचं आडनाव खणखणीत मराठा. क्षणभर विचार करून तो उजळला, 'म्हणजे रजनी सारच्या लोकांपैकी!' शिवाजीराव गायकवाडांचे, म्हणजे रजनीकांतचे, आप्त ठरल्याचा आनंद साडूंना पुरता भोगताही आला नाही, कारण पुढचं वाक्य होतं, 'मग नॉनव्हेज असेल.' जात कोणती, असं एजंट कधीही विचारत नाही. तो सुसंस्कृत माणूस आहे. तो फक्त म्हणतो, 'ओनर थोडे ऑर्थोडॉक्स आहेत सार.' एवढ्यावर सरस्वतीपुरममधली दोन घरं आणि चामुंडीपुरममधलं एक जुडग्यातून परस्पर निसटलं. संविधानाच्या कुठल्या कलमात हे बसतं ते मला माहीत नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मात्र बरोबर बसतं. पुण्यात हेच काम सोसायटीचा सेक्रेटरी करतो, तेव्हा आपण नाक मुरडायला नको.

दुसरा एजंट गोकुलमचा. पट्टाभी जोईसांनी 2002 च्या सुमारास आपली अष्टांग योगशाळा लक्ष्मीपुरमहून गोकुलमला आणली, आणि जगभरचे लोक पहाटे उठून घाम गाळायला तिथे येऊ लागले. त्यांना महिन्या-दोन महिन्यांसाठी खोल्या लागतात. हा एजंट त्या धंद्यातला. त्यानं साडूंच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि नम्रपणे सांगितलं की माझ्याकडे तुमच्यासाठी काही नाही. त्या शहरात मला भेटलेला हा एकमेव एजंट, ज्यानं गिऱ्हाइकाची परिस्थिती अचूक ओळखली.

तिसरा होता एक्स्प्रेसवेचा. बेंगळुरू-म्हैसूर महामार्गाचं उद्घाटन 12 मार्च 2023 ला झालं, पंच्याहत्तर मिनिटांत म्हैसूर अशी जाहिरात झाली, आणि त्या दिवसापासून गावाबाहेरच्या प्रत्येक शेताला तारेचं कुंपण, कमान आणि इंग्रजी नाव मिळालं. तिकडे प्लॉटला 'साइट' म्हणतात. तीस बाय चाळीस म्हणजे गरीब, चाळीस बाय साठ म्हणजे खानदानी. हा एजंट आम्हाला टी. नरसीपुर रोडला घेऊन गेला. जाताना सारखं एकच पालुपद: 'बेंगळुरूहून फक्त सव्वा तास, सार.' त्याची स्वतःची स्कूटर त्या एक्स्प्रेसवेवर चढूच शकत नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून दुचाकींना तिथे बंदी आहे. म्हणजे ज्या रस्त्याच्या जोरावर तो पोट भरतो, तो रस्ता त्यानं बसमधूनच पाहिला असणार. पण श्रद्धा अशीच असते.

साइटवर उभं केल्यावर त्यानं हात लांब करून दाखवायला सुरुवात केली. इकडे प्रस्तावित पेरिफेरल रिंग रोड. तिकडे मंडकळ्ळी विमानतळाची प्रस्तावित वाढीव धावपट्टी. पलीकडे नंजनगुडकडे हिम्मावूला प्रस्तावित फिल्म सिटी. साडू त्या-त्या दिशेला मान वळवत होते. प्रत्येक दिशेला नारळ होते. मी विचारलं, 'पाणी?' तो म्हणाला, 'कावेरी येणार सार.' येणार हे खरंच आहे, नदी गेली हजारो वर्षं येतेच आहे. नळातून कधी, एवढंच विचारायचं असतं. शहराबाहेरच्या खासगी लेआउटांतले रहिवासी तोवर बोअरवेल आणि टँकरवर दिवस काढतात. चामुंडी बेट्ट, म्हणजे टेकडी, मात्र दिसते, असं तो छातीठोकपणे म्हणाला. दिसते. घर बांधून गच्चीवर टाकी बसवली आणि टाकीवर चढलं, की दिसेल.

मग कागद. आपल्याकडे सातबारा, तिकडे पहाणी. आपल्याकडे एनए, तिकडे 'डीसी कन्व्हर्शन'. खाता, कंदायाच्या पावत्या, मदर डीड, बोजा आहे की नाही हे सांगणारं ईसी. साइट पंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचे नमुना 9 आणि 11. हे सगळं पाहायला मागितलं की एजंट दुखावतो. 'क्लिअर टायटल सार,' असं तो ज्या स्वरात म्हणतो त्या स्वरात आपल्याकडे 'मुलगी घरकामात हुशार आहे' असं म्हणतात. ईसी खरं तर आता कावेरी पोर्टलवर बसल्या जागी निघतं, पण त्यात फक्त नोंदवलेले व्यवहार दिसतात. भावाभावांचा तोंडी वाटा, बहिणीचा न दिलेला हिस्सा, कोर्टातला दावा, यातलं त्यात काही नसतं. ते एजंटला ठाऊक असतं, आणि त्याच्या व्यवसायाचं भांडवल तेच.

बोर्डावर मोठ्या अक्षरात 'मुडा अप्रूव्ड' होतं. म्हैसूरची सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड 1903 ची, प्लेगनंतरची. देशात शहरं आखण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक; जुन्या भागातले रुंद रस्ते आणि झाडं ही त्या काळाची पुण्याई. 1988 मध्ये तिची मैसूर अर्बन डेव्हलपमेंट अथॉरिटी, म्हणजे मुडा, झाली. 2024 साली मुडाचं नाव देशभर गाजलं: केसरे गावातल्या 3 एकर 16 गुंठे जमिनीच्या बदल्यात मुख्यमंत्र्यांच्या पत्नींना विजयनगरात 14 साइट मिळाल्या होत्या, त्यावरून गदारोळ झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्या साइट परत गेल्या. पुढे लोकायुक्त पोलिसांनी पुरावा नसल्याचं कळवलं. मुडाचंही नाव बदलून आता मैसूरु डेव्हलपमेंट अथॉरिटी झालं आहे. मी एजंटला म्हटलं, बोर्ड बदलायला हवा. तो म्हणाला, 'मुडा नाव सगळ्यांना माहीत आहे सार, पब्लिसिटी झालीय.'

साडूंचा भरवसा 'रेरा'वर होता. एजंट रेरात नोंदलेला असला की झालं, असं कात्रणात होतंच. 2016 चा तो कायदा वाचण्यासारखा आहे. एजंटाच्या व्याख्येत प्रॉपर्टी डीलर, ब्रोकर, मध्यस्थ, कोणत्याही नावानं ओळखला जाणारा, सगळे आले. कायद्याचा मसुदा करणाऱ्यानं म्हैसूरला घर शोधलं असावं. नोंदणी न करता धंदा केला तर रोजचा दहा हजार दंड, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्रात तर 2023 पासून एजंटांची परीक्षासुद्धा घेतात. सगळं उत्तम. फक्त हे लागू आहे रेरात नोंदवलेल्या प्रकल्पातल्या विक्रीला. सरस्वतीपुरममधलं चाळीस वर्षांचं लाल ऑक्साइडच्या फरशीचं घर निवृत्त प्राध्यापकाकडून निवृत्त पुणेकरानं घ्यायचं, किंवा भोग्यावर म्हणजे हेवी डिपॉझिटवर राहायचं, तर तिथे रेरा येत नाही. तिथे डिकी येते.

आर. के. नारायण हे म्हैसूरकर, आणि त्यांनी हा प्राणी फार आधी ओळखला होता. 1952 च्या 'द फायनान्शियल एक्स्पर्ट'मधला मार्गय्या पत्र्याची पेटी घेऊन सहकारी बँकेसमोरच वडाखाली बसतो आणि त्याच बँकेतून कर्ज कसं काढायचं ते खेडुतांना शिकवून पैसे मिळवतो. दार उघडंच असतं. दाराशी बसलेल्याला द्यायचं असतं. नारायणांचं यादवगिरीतलं स्वतःचं घर 2011 मध्ये पाडायला काढलं होतं, ओरड झाली म्हणून वाचलं, आता तिथे संग्रहालय आहे. एजंट लोक ते आवर्जून दाखवतात. त्याच्या गल्लीत घराचा भाव वाढतो.

आता हिशेब. पुरवणीतल्या लेखात हा कधीच नसतो. म्हैसुरात एजंट घेणाऱ्याकडूनही घेतो आणि देणाऱ्याकडूनही, बहुधा एक-एक टक्का, जमलं तर दोन. घर एक कोटी वीस लाखांचं धरा. दोन्हीकडचा मिळून एजंटाला दोन लाख चाळीस हजार. त्यानं जीव तोडून किंमत पाच लाखांनी उतरवली तर तुमचे पाच लाख वाचले, त्याचे दहा हजार गेले. आणि ताणता ताणता व्यवहार मोडला तर त्याचे अख्खे दोन लाख चाळीस हजार गेले. म्हणून तो 'थोडं तुम्ही वर या, थोडं ते खाली येतील' असं दोघांनाही एकाच आवाजात सांगतो. तो तुमच्या बाजूचा नसतो, हे लोकांना कळतं. तो मालकाच्याही बाजूचा नसतो, हे कळायला वेळ लागतो. साजेसा एजंट म्हणजे काय? फार तर दोन्हीकडून घेतो हे जो पहिल्या कॉफीलाच कबूल करतो, तो. तसा एकच निघाला, पहिलाच, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवाला. साडूंनी त्याला निवडलं. म्हणजे तिसऱ्या एजंटाच्या साइटवर डोकं तापवून आल्यावर त्याचा फोन आला आणि साडूंनी उचलला.

सरस्वतीपुरममध्येच घर मिळालं, शाकाहाराची अट न घालणारं. मालकांचा मुलगा टेक्सासला, त्याला अटींत रस नव्हता. कागद एका वकिलाकडून स्वतंत्र तपासून घेतले. पैसे वकिलाला साडूंनी दिले, त्यामुळे वकील त्यांच्याच बाजूचा होता; पुरवणीवाल्यांनी हे एक वाक्य छापलं तरी पुरे. सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात फोटो, अंगठे वगैरे होईपर्यंत दुपार झाली. बाहेर आलो तर निवडलेला एजंट एक आणि उभे असलेले चार. एकाकडे किल्ली होती. एकानं मालकांच्या मेव्हण्याचा नंबर दिला होता. चौथ्याची भूमिका शेवटपर्यंत कळली नाही, पण तो सर्वांत नाराज होता. समोरच्या हॉटेलात कमिशनचे चार वाटे झाले आणि कॉफी मात्र 'बाय-टू'.

घर विकायचं आहे ही मूळ बातमी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची. त्याच्या वाट्याला काहीच आलं नाही, म्हणून संध्याकाळी साडूंनी त्याला पाचशेची नोट दिली. त्यानं ती कोळशाच्या इस्त्रीखालच्या चादरीत सरकवली आणि साडूंना म्हणाला, 'चांगलं झालं सार. लग्नकार्याला घराजवळच सोय.'

'कसली सोय?'

'समोरच्या रिकाम्या दोन साइटवर कल्याण मंटप होतंय. आठशे माणसांचं.'

साडू हादरले. 'एजंट काही बोलला नाही!'

'त्यानंच तर मिळवून दिल्या त्या साइट, सार.'