पुडे तपासणारे गुरुजी

निलंग्याच्या बाजारात एखाद्या किराणा दुकानात गिऱ्हाईक तुंबलं की समजावं, पुढे गुरुजी उभे आहेत. एका हातात बिस्किटाचा पुडा, दुसऱ्यात भिंग. "काय वाचायलाव गुरुजी, कुंडली का?" असं मागून कुणी खवचटपणे विचारलं तरी मान वर होत नाही.

जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेला माणूस निवृत्तीनंतर पुडे तपासतो, एवढंच. पुड्याची पुढची बाजू ते बघतही नाहीत. "ती जाहिरात. पेपर मागं असतोय." मागे घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यातल्या मास्तरला त्यात थेट गुणवत्ता यादी दिसते. "मैदा पहिला, साखर दुसरी, पामतेल तिसरं. आन् ज्याचं चित्र पुड्यावर मिरवायलेत ते ओट्स? शेवटून दुसरे. ग्रेस मार्कावर पास!" पुढे ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप दिसले की आवाज चढतो. "साखरच हाय ही. नाव बदलून परीक्षेला बसलेली डमी पोरं!"

दुकानदार हात जोडतो. "गुरुजी, धा रुपयाचा पुडा हाय. घ्या नायतर ठिवा."

पण मिठाचा हिशेब राहिलेला असतो. लेबलावर मिठाचं प्रमाण लिहीत नाहीत, सोडियमचं लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. गुरुजींची अडीचकी अजून तोंडपाठ. शेवेच्या पुडीवर 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम दिसलं की अडीच पट करून "दोन ग्रॅम मीठ!" असं ते मोठ्यानं जाहीर करतात. दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमची, हेही गल्ल्यावरच्या पोराकडून वदवून घेतात. 2020 च्या नियमांनी वरून घातलेली साखर वेगळी दाखवायला लावली, तेव्हापासून तर त्यांना नवीन विषय शिकवायला मिळाल्यासारखं झालंय. दिवसाला 50 ग्रॅम, बास. चेष्टा सोडा, हिशेब चोख असतो. त्यांच्या मागे उभं राहून मीही दोनतीनदा पुडा गुपचूप परत ठेवलाय.

त्यांचा खरा राग मात्र 'सर्व्हिंग'वर. दीडशे ग्रॅमची पुडी आणि सर्व्हिंग तीस ग्रॅमची. "म्हंजे ही पुडी पाच जणांत खायची! आमचा नातू एकटाच पाच जण हाय. आकडे ल्हान दिसावेत म्हणून घासच ल्हान केलाय ह्यांनी. शुद्ध कॉपी!"

संध्याकाळी हेच गुरुजी निलंगा राईसच्या गाड्यावर सापडतात. गरम, तिखट, तेलानं चकाकणारा भात. भिंग खिशात.

"गुरुजी, ह्याच्या मागं काय लिहिलंय?" मी एकदा विचारलंच.

"ताज्या वाढलेल्या अन्नाला लेबलाची सक्ती नसते," ते घास न थांबवता म्हणाले. "नियम वाचत जा."

घरच्या बाईंनी बाहेरच्या खाण्यावर मर्यादा घातलीय, म्हणून ते नेहमी अर्धीच प्लेट सांगतात. ती संपली की आणखी अर्धी. मग एक अर्धी, चव बघायला. घरी गेल्यावर "किती खाल्लं?" असं बाईंनी विचारलं, की शपथेवर सांगतात,

"सर्व्हिंग अर्ध्या प्लेटची होती."