पट्टीला लगाम, भाड्याला मोकळं रान

(खोपोली. जुन्या मुंबई-पुणे हायवेला लागून असलेला गाळा. खाली मोबाइलचं दुकान, वर पोटमाळा. चतुर्थ वार्षिक कर आकारणीची नोटीस काउंटरवर चार्जरखाली दाबून ठेवलेली. पात्रं तीन: गाळेमालक, भाडेकरू आणि करविभागातून निवृत्त झालेला एक कारकून. हा मोबाइलला काच बसवायला आला आणि अडकला.)

गाळेमालक : भाऊसाहेब, बरे सापडलात! वाचा हे. करयोग्य मूल्य एकदम दीडपट! अहो, २००२ साली एक्सप्रेस वे झाला आणि या रस्त्याची रया गेली. आता त्याच्या मिसिंग लिंकच्या बोगद्यांमुळे उरल्यासुरल्या गाड्याही डोंगराच्या पोटातून जाणार. इथं धंदा कुठाय? मग गाळ्याचं मूल्य वाढलं कसं?

भाडेकरू : शेठ, गेल्या महिन्यात भाडं वाढवताना तुम्ही म्हणालात, इमॅजिका आलं, वीकेंडला पाय ठेवायला जागा नसते, खोपोली आता पहिली राहिली नाही.

गाळेमालक : ते भाड्याचं बोलणं होतं. हे पट्टीचं आहे. मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नकोस.

कारकून : दर चार वर्षांनी यादी नव्यानं करायची असं १९६५ चा नगरपरिषद कायदाच सांगतो. गाळा वर्षाला किती भाड्यानं जाईल ते बघायचं, दुरुस्तीखातर दहा टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. त्यावर पट्टी. शिवाय गाळा बिगरनिवासी, म्हणून घराला नसलेला रोजगार हमी करही वर बसतो.

गाळेमालक : म्हणूनच अर्ज लिहिलाय. बिगरनिवासी मालमत्तेच्या मूल्यवाढीला कायद्यानं मर्यादा घाला! वर्षाला अमुक टक्क्यांच्या वर एक पैसा नाही. यानं सही केली की सगळ्या लाइनीतल्या भाडेकरूंच्या घेतो.

भाडेकरू : सही माझी कशाला? गाळा तुमचा.

गाळेमालक : पण पट्टी तू भरतोस ना! करारात आहे.

कारकून : मर्यादा नवीन नाही हो. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर सुरू झाला, तेव्हाच लिहिलं होतं की घरांचा कर दुपटीच्या वर जाणार नाही.

गाळेमालक : बघा! आणि दुकानांचा?

कारकून : तिपटीच्या वर नाही.

गाळेमालक : तिप्पट? याला मर्यादा म्हणतात?

कारकून : पुढच्या फेरीला चाळीस टक्क्यांवर आणली. मात्र मूल्य मोजायच्या नियमांवरून मालक कोर्टात गेले. हायकोर्टानं २०१९ मध्ये त्यातले काही नियम रद्द केले, सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये तेच कायम ठेवलं. टक्क्याची मर्यादा असली तरी मूळ आकडा कसा काढला हे भांडण उरतंच.

गाळेमालक : मुंबईचं सोडा. माझा भाचा टेक्सासला आहे. तिथं २०२३ ला लोकांनी मतं देऊन ठरवलं. राहतं घर सोडून बाकी मालमत्ता, पन्नास लाख डॉलरपर्यंतची, तिचं मूल्य वर्षाला वीस टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही. याला म्हणतात लोकशाही!

कारकून : वर्षाला वीस? (मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडू लागतो; काच अजून बसलेली नसते, म्हणून नोटिशीच्या पाठीवरच हिशेब मांडतो.) शंभराचे एकशे वीस, मग एकशे चव्वेचाळीस, तिसऱ्या वर्षी जवळजवळ एकशे त्र्याहत्तर. तुम्हाला चार वर्षांनी दीडपट आली म्हणून ओरडताय, तिथं तीन वर्षांत त्याहून जास्त बसते, तेही मर्यादेच्या आत.

गाळेमालक : (थोडं थांबून) भाचा वीस म्हणाला की दोन, ते परत विचारतो.

कारकून : दोन टक्केवालं राज्य कॅलिफोर्निया. १९७८ पासून. तिथं दुकान विकलं जाईपर्यंत वर्षाला दोनच्या वर वाढ नाही. विकलं की मात्र नव्या मालकाला खरेदीच्या किमतीवर कर. त्यामुळे शेजारी शेजारी सारखीच दुकानं, जुना मालक चणे-फुटाणे भरतो आणि नव्याच्या डोक्यावर सगळा बोजा. व्यापारी मालमत्तेची ही सवलत काढावी म्हणून २०२० मध्ये मतदान घेतलं, तो प्रस्तावही पडला.

गाळेमालक : उत्तम! मी जुना मालक आहे. हेच लिहा अर्जात.

भाडेकरू : मग मीही सही करतो. फक्त खाली एक ओळ घाला, "गाळ्याचं भाडंही वर्षाला दोन टक्क्यांच्या वर वाढणार नाही."

गाळेमालक : अरे, भाडं बाजार ठरवतो! त्यात सरकारनं नाक खुपसायचं नाही.

भाडेकरू : आणि मूल्य?

गाळेमालक : मूल्य सरकारनं ठरवायचं. माझ्याशी विचारविनिमय करून.

(इथं कारकून वर बघतो. त्याची जुनी खोड. पोटमाळ्यावर खोक्यांची चळत, पंखा आणि ट्यूबलाइट.)

कारकून : शेठ, पोटमाळा मोजणीत धरलाय का हो?

गाळेमालक : तो पोटमाळा नाही. उंचावरचं कपाट आहे.

भाडेकरू : भाडं मात्र त्याचं वेगळं घेता, शेठ.

गाळेमालक : तू काच बसव!

कारकून : हे बघा, आकारणी चार-चार वर्षांनी झाली तर टोचत नाही. निवडणूक जवळ आली की पुढे ढकलतात, मग साचलेलं एकदम अंगावर येतं. मर्यादा मागायची असेल तर वेळेवर आकारणीही मागा. नाहीतर मर्यादेत न बसलेली वाढ शेजारच्या नव्या गाळ्यावर जाऊन बसेल. गटार, दिवे, घंटागाडी कुणाच्या तरी पैशानं चालायचीच. आणि दीडपट खरंच चूक वाटत असेल तर तीस दिवसांत हरकत द्या, सुनावणीला जा. सोबत भाडेकराराची प्रत जोडा.

गाळेमालक : (हळू आवाजात) करार जोडलाच पाहिजे का?

कारकून : खरं भाडं किती, ते त्यावरूनच कळणार.

भाडेकरू : कागदावर बारा हजार. वरचे दहा रोख.

कारकून : म्हणजे बाराचे धरले तर मूल्य एक लाख एकोणतीस हजार सहाशे. बावीसचे धरले तर दोन लाख सदतीस हजार सहाशे. नोटिशीत काय आहे?

(तिघं नोटिशीवर वाकतात. नोटिशीतला आकडा दोन्हींच्या मध्ये.)

गाळेमालक : (नोटीस घडी करून खिशात घालत) पालिकेचे लोक तसे समजूतदार आहेत. हरकत नाही म्हटलं, म्हणजे हरकत द्यायची नाही.

भाडेकरू : आणि अर्ज?

गाळेमालक : अर्ज ठेवू. पट्टी भरायला काय घाई आहे, बघू दिवाळीनंतर.

कारकून : बघा. बिलाची मुदत टळली की थकबाकीवर शास्ती दरमहा दोन टक्के. म्हणजे वर्षाचे चोवीस. टेक्साससुद्धा वीसवर थांबतं.