नवव्या नंबरचा माणूस

आयपीएलचा लिलाव लागला की पुण्या-मुंबईची माणसं डोळे विस्फारून टीव्हीसमोर बसतात. आमच्या बीड जिल्ह्यात त्याचं फार अप्रूप नाही. हंगामाआधी पैसे देऊन माणूस बांधून घ्यायचा, त्याला दुसऱ्याने पळवू नये म्हणून डोळ्यात तेल घालून बसायचं आणि हंगाम संपला की हिशेबावरून भांडायचं, हा खेळ आमच्याकडे आयपीएलच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्या पैशाला आम्ही उचल म्हणतो. ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम कोयत्याला उचल देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणूस एकटा असेल तर तो अर्धा कोयता. कामावर आला नाही तर खाडा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, आणि मग गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. त्यामुळे आमच्या पारावर क्रिकेटवर बोलणारा बहुतेक प्रत्येक जण ताजा हंगाम करून आलेला असतो. बॅट्समनची सरासरी तो विचारत नाही. उचल किती घेतली आणि तोड किती केली, एवढंच विचारतो.

या हिशेबात सगळ्यात आधी सापडला तो महेंद्रसिंग धोनी.

2024 च्या लिलावाआधी चेन्नईने धोनीला चार कोटींना राखून ठेवलं, आणि तेही 'अनकॅप्ड' म्हणून. पाच वर्षांत आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू अनकॅप्ड धरावा, असा एक नियम पूर्वी होता. मधल्या काळात तो बंद झाला होता, तो पुन्हा बाहेर काढला. धोनीचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना जुलै 2019 मधला. त्यामुळे 2007 आणि 2011 असे दोन विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार कागदोपत्री नवखा ठरला. कागदाची ही ताकद आमच्या गावाला मान्य आहे. कागदावर विहीर असते आणि रानात नसते, तिथे कागदावर धोनी नवखा असायला काय हरकत आहे?

हरकत हिशेबाला होती. 2025 च्या हंगामात चेन्नई चौदांपैकी चार सामने जिंकून पहिल्यांदाच तळाला गेली. धोनीच्या धावा झाल्या 196. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मुकादमाने नातवाच्या मोबाईलवर भागाकार करून घेतला. धावेला दोन लाख चार हजार रुपये.

"टनाला आपल्याला साडेतीनशे-पावणेचारशे, आन् ह्याला धावेला दोन लाख?" तो म्हणाला. "कोणत्या कारखान्याचा दर हाय हा? उद्या तिकडंच टोळी नेतो."

त्याच्या टोळीचं सरासरी वय बघता चेन्नईने विचार करायला हरकत नव्हती. 2018 मध्ये दोन वर्षांची बंदी संपवून चेन्नई परतली तेव्हा तिशीपलीकडच्या खेळाडूंची इतकी भरती होती की लोक तिला 'बापांची फौज' म्हणून हसले. त्याच फौजेने करंडक नेला. अंतिम सामन्यात 36 वर्षांच्या शेन वॉटसनने नाबाद 117 धावा केल्या, त्यातही पहिल्या दहा चेंडूंवर त्याला एक धाव निघत नव्हती. म्हाताऱ्यांच्या बाजूने बोलणारे हे 2018 सांगतात, विरोधात बोलणारे 2025 सांगतात, आणि दोघेही खरं बोलत असल्यामुळे चहाची उधारी तेवढी वाढत जाते.

पण चेन्नईची चिंता वाहायला चेन्नई आहे. आमच्यापुढे प्रश्न होता भाऊंचा.

भाऊ म्हणजे आमच्या गावच्या संघाचे एके काळचे सलामीचे फलंदाज. आधार कार्डावर वय पंचेचाळीस, आणि शाळेच्या दाखल्यावर त्याहून जरा जास्त. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यांनी शेजारच्या गावाविरुद्ध मारलेला एक षटकार अजून खाली आलेला नाही. सुरुवातीला तो गायरानापलीकडच्या विहिरीत पडला होता. पुढे तो विहीर ओलांडून रस्त्यावर गेला. अलीकडची पोरं सांगतात की चेंडू चालत्या एसटीत पडला आणि कंडक्टरने तो अंबाजोगाई डेपोत जमा केला. मी गावच्या संघाची स्कोअरची वही लिहीत आलो आहे. त्या सामन्याचं पान वाळवीने खाल्लंय आणि मी ते कुणाला बोलून दाखवत नाही.

भाऊ आता चाकणला एका कंपनीत आहेत. पण रेशन कार्ड, मतदान आणि आधारचा पत्ता गावचाच. आमच्या तालुक्यातल्या स्पर्धेत 'एक गाव, एक संघ' असा नियम असतो आणि प्रत्येक खेळाडूच्या आधारची झेरॉक्स जोडावी लागते. म्हणजे भाऊ कायदेशीररीत्या उपलब्ध होते. प्रश्न एवढाच, की घ्यावं का?

निवड समिती बसली हॉटेलात. पोरांचा मुद्दा सरळ होता. "आपल्या बीडच्या सचिन धसनं काय केलं? 2024 च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात, सेमीफायनलला, दक्षिण आफ्रिकेत त्यांच्याच समोर! 245 करायचे होते, 32 ला चार गेले होते. पोरानं 96 मारले. वय किती? तीन दिवसांपूर्वी एकोणीस पुरे झालेले. भाऊंच्या नादाला लागलो तर आपल्या गावचा सचिन पाणीच वाटत बसंल." दुसऱ्याने विरारच्या आयुष म्हात्रेचं नाव काढलं. 2025 मध्ये ऋतुराज गायकवाडच्या कोपराला लागलं, त्याच्या जागी चेन्नईने हा सतरा वर्षांचा मुलगा आणला, आणि बंगळुरूविरुद्ध त्याने 48 चेंडूंत 94 काढल्या. त्याच संघात त्रेचाळिशीचा धोनी होता. सामना दोन धावांनी गेला.

आता ज्येष्ठांची बाजू मांडायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी प्रा. दि. ब. देवधरांना उभं केलं. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस. भारताचा पहिला कसोटी संघ 1932 मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा ते चाळिशीत होते आणि संघात नव्हते. त्यानंतर त्यांनी महाराष्ट्राचं नेतृत्व करून 1939-40 आणि 1940-41 अशी सलग दोन वर्षं रणजी करंडक जिंकला. त्या दुसऱ्या वर्षी एका सामन्यात मुंबईच्या 650 झाल्या आणि महाराष्ट्राच्या 675. त्यांत पन्नाशीला टेकलेल्या देवधरांच्या 246. पाठोपाठ मी प्रवीण तांबेंना बोलावलं. मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये आयुष्य काढलेला लेगस्पिनर, प्रथम श्रेणीचा एकही सामना नावावर नसताना 2013 मध्ये 41 व्या वर्षी राजस्थानकडून आयपीएलमध्ये उतरला. पुढच्या वर्षी कोलकात्याविरुद्ध हॅट्ट्रिक.

समिती गप्प झाली. मग एक पोरगा म्हणाला, "काका, देवधर सर रोज खेळत व्हते. तांबे रोज बोलिंग टाकत व्हता. भाऊ रोज काय करतेत?"

भाऊ रोज कंपनीच्या बसमध्ये झोपतात. मी वही मिटली.

जुन्या ताऱ्याला घ्यावं की नाही, ही अडचण जगभर आहे. अमेरिकेत एक फुटबॉल खेळतात. त्यात पायाचं काम कमी आणि हाताचं जास्त, तरी नाव फुटबॉलच. त्यात चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा क्वार्टरबॅक असतो. टॉम ब्रॅडी नावाच्या क्वार्टरबॅकने 43 व्या वर्षी नव्या संघात जाऊन त्यांची सगळ्यात मोठी फायनल जिंकली. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक हरणाऱ्या संघाला वाटतं, एखादा म्हातारा मिळाला तर बघावा. 2025 मध्ये पिट्सबर्गचा संघ 41 वर्षांच्या एरन रॉजर्सच्या होकारासाठी मार्चपासून थांबून होता. होकार आला जूनमध्ये. आम्ही भाऊंना फोन केला तेव्हा तेही म्हणाले, "कळवतो." आम्हालाही विचार करणं भाग होतं, कारण तेवढ्यात दोन पोरांनी त्यांचा जुना फोटो बॅनरवर छापायला टाकला होता आणि त्या बॅनरवर एका दुकानदाराने पाच हजारांची वर्गणी लिहून दिली होती. बिनभाऊंच्या बॅनरला कुणी पाचशेसुद्धा देत नव्हतं.

शेवटी तोच म्हातारा मुकादम बोलला. "म्हाताऱ्याला घ्यावं का, असं कामून इचारता? घ्यावं. मी कैक घेतले. पर त्याला ऊस तोडाय लावायचा, मोळ्या बांधाय लावायच्या. डोक्यावर मोळी दिऊन फळीवरून ट्रकवर चढवायचा न्हाई. घेणारा चुकत नसतो, काम देणारा चुकत असतो."

इतकं शहाणपणाचं वाक्य चेन्नईला कुणी मोफत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. 28 मार्च 2025 रोजी चेपॉकवर बंगळुरूने 196 केल्या. धोनी नवव्या नंबरला आला, गोलंदाज अश्विनच्याही मागून. त्याने 16 चेंडूंत 30 ठोकल्या आणि चेन्नई पन्नास धावांनी हरली. लोक ओरडले, आधी का नाही आला? दोनच दिवसांनी प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंगने सांगून टाकलं की त्याचे गुडघे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, दहा षटकं पळून फलंदाजी त्याला झेपणार नाही. म्हणजे चार कोटींचा करार एका माणसाशी, आणि कितव्या नंबरला यायचं हे ठरवणार त्याचा गुडघा.

मलाही तेच म्हणायचं आहे. जुना तारा घेऊन संघ बुडत नाही. तो घेतल्यावर त्याला "एवढंच करा, बाकी राहू द्या" असं तोंडावर सांगणारा माणूस संघात नसतो, म्हणून बुडतो. मोठ्या संघात मालकाला तिकिटं दिसतात, कर्णधाराला गुरू दिसतो. आमच्या गावात तर भाऊंच्या पाया पडूनच पोरं टॉसला जातात. त्यांना नववा नंबर कोण सांगणार?

सांगितलं वहिनींनी. भाऊंनी होकार कळवायला फोन केला तेव्हा आम्ही स्पीकर चालू केला होता. मागून आवाज आला, "खेळू द्या त्यांना. पण नवव्या नंबरला. गुडघ्याला पट्टा बांधून. आणि एकाच्या दोन धावा पळायच्या नाहीत. सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे." फ्लेमिंगला पत्रकार परिषद लागली होती.

वहिनी सामन्याला आल्या आणि लिंबाखाली बसल्या. भाऊंना क्षेत्ररक्षणाला विहिरीच्या बाजूला लपवलं. चेंडूला पहिल्या षटकापासून तीच बाजू आवडली. पण भाऊंनी तिथूनच दोन पोरांच्या जागा बदलल्या आणि दोन झेल त्याच जागी गेले. बॅनरमुळे गर्दी एवढी होती की भेळवाल्याने दुसरी गाडी मागवली. शेवटच्या षटकात आठ हव्या असताना भाऊ नवव्या नंबरला आले. पहिलाच चेंडू त्यांनी जुन्या तोऱ्यात विहिरीकडे मारला. लोक उठून उभे राहिले. चेंडू विहिरीच्या बराच अलीकडे पडला. भाऊंनी एक धाव काढली, दुसरीसाठी वळले आणि तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला, "अहो!"

भाऊ जागच्या जागी थांबले. समोरचा पोरगा अर्ध्या वाटेवर होता. तो धावबाद झाला आणि पाच चेंडूंनंतर आम्ही तीन धावांनी हरलो.

रात्री समिती पुन्हा बसली. धावबादाचा दोष भाऊंना द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि वहिनींना द्यायची कुणाची छाती नव्हती. वर्गणी मोजली, पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची फी भरूनही पैसे उरत होते. ठराव झाला: भाऊंना पुढच्या वर्षीही घ्यायचं, नंबर नववाच, आणि वहिनींचं नाव रीतसर कोच म्हणून फॉर्मवर टाकायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अडचण एकच निघाली. कोचच्याही आधारची झेरॉक्स लागते, आणि वहिनींनी पत्ता मागेच बदलून चाकणचा करून घेतलाय.