छोटा हत्ती, मोठा इन्व्हर्टर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लाईट गेली की माणूस आधी खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघतो. तिथेही अंधार असेल तर त्याला बरं वाटतं. सगळ्यांचीच गेली असेल तर फोन करायचं काम दुसरा कुणीतरी करेलच; आपली एकट्याची गेली असेल तर मात्र चपला घालून मीटर रूमपर्यंत उतरावं लागतं.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी हे समाधान मुंबई, ठाणे, नवी मुंबई या सगळ्यांना एकाच वेळी मिळालं. कळवा-पडघा पट्ट्यातल्या ४०० केव्हीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमारास लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. दिवस कोविडचे, त्यामुळे ऑफिस घरात होतं. लॅपटॉपला बॅटरी होती, वायफायच्या डब्याला नव्हती. कामाला कायदेशीर सुट्टी मिळाल्याचा आनंद लपवत हजारो ठाणेकरांनी ‘नेटवर्क नाही’ असा निरोप धाडला. तो जावा म्हणून गच्चीवर चढून नेटवर्क शोधलं.

तरी ठाणेकर अंधाराला नवखा नाही. २००५ नंतरच्या भारनियमनात महाराष्ट्रभर घरोघरी इन्व्हर्टर शिरला. बाल्कनीत तुळशीशेजारी बॅटरी, तिला महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, आणि ते घालायचं कुणी विसरलं यावर भांडण. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ही बॅटरी म्हणजे कागदावर जेमतेम पावणेदोन-दोन युनिट वीज. एवढ्यावर तीन पंखे, चार दिवे आणि मालिकेचा उत्तरार्ध. फ्रिजचं बटण मात्र कुणी दाबायचं नाही.

आता पार्किंगकडे बघा. विजेवर चालणारी कार किंवा टेम्पो तिथे उभा असेल तर त्याच्या पोटात वीस ते पन्नास युनिट पडून असतात. मालक चौथ्या मजल्यावर मेणबत्ती शोधतोय आणि त्याच्याच मालकीची वीज खाली अंधारात उभी आहे.

ही गोष्ट आधी जपान्यांच्या लक्षात आली. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर तिथे विजेचे हाल झाले आणि २०१२ मध्ये निस्सानने आपल्या लीफ गाडीतून घराला वीज देणारी यंत्रणा विकायला काढली. मग अमेरिकन लोकांनी हेच त्यांच्या मापात केलं. फोर्डने मे २०२१ मध्ये एफ-१५० लाइटनिंग हा विजेवरचा पिकअप दाखवला. मोठ्या मॉडेलची बॅटरी १३१ युनिटची. लाईट गेली की सोबतची यंत्रणा घराला बाहेरच्या लाइनपासून तोडते आणि ट्रक ९.६ किलोवॅटपर्यंत वीज घरात सोडतो. दिवसाला ३० युनिट धरली तर घर तीन दिवस चालेल, असं कंपनी सांगते.

दिवसाला ३० युनिट! किसन नगरातल्या गृहिणीला हा आकडा सांगितला तर ती आधी विचारेल, “घरात पिठाची गिरणी आहे का त्यांच्या?” महिन्याला अडीचशे युनिट वापरणाऱ्या घराची रोजची गरज आठ-साडेआठ. त्या हिशेबाने जो ट्रक अमेरिकन कुटुंबाला तीन दिवस पुरतो, तो ठाण्यात अख्खं नवरात्र पार पाडेल.

अडचण एवढीच की तो ठाण्यात उभा कुठे करायचा? लांबी ५.९ मीटर, आरसे सोडून रुंदी दोन मीटर, वजन तीन टनांच्या आसपास. आपल्या सोसायटीत पार्किंगचा चौकोन पाच मीटरचा. ट्रकचं नाक शेजाऱ्याच्या स्कूटरवर येणार, स्टॅक पार्किंगवर चढवायची तर सोयच नाही. शिवाय ट्रक दाखवल्यानंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. ठाणेकरांचा प्रश्न परस्पर सुटला.

मग देशी इलाज निघाला. सप्टेंबर २०२३ च्या टाटाच्या नव्या नेक्सॉन ईव्हीत बाहेरची उपकरणं चालवायची सोय आली, ३.३ केव्हीएपर्यंत. चार्जिंगच्या तोंडाला अडॅप्टर लावायचा, त्यात पिन खुपसायची. पंखे, दिवे, फ्रिज, वायफाय यांना हे भरपूर झालं. गीझर आणि मिक्सर एकदम लावले तर मात्र आंघोळ आणि चटणी दोन्ही अर्धवट.

खरी परीक्षा विजेची नसून सोसायटीची. समजा एखाद्या गृहस्थाने पार्किंगमधून चौथ्या मजल्यापर्यंत केबल नेली. तिसऱ्या मजल्यावरून आवाज येणार, “जाता जाता आमचा मोबाइल लावता का?” मोबाइलच्या मागून वायफाय, वायफायच्या मागून आजींचं नेब्युलायझर, आणि त्याला नाही म्हणायची कुणाची हिंमत? तेवढ्यात सचिव केबल बघून जातील आणि दर्शनी भागाला बाधा आल्याबद्दल पत्र देतील. पत्राची प्रिंट काढायला लाईट लागेल, तीही ह्याच केबलवरून घेतील. भाद्रपद जवळ आला असेल तर मंडळाची पोरं गाडी नुसती निरखून जातील, आणि ती नजर वर्गणीची असेल.

एवढं करून लिफ्ट आणि पाण्याचा पंप बहुतेक ठिकाणी थ्री फेजवर; ते गाडीवर चालत नाहीत. गाडीत पाच दिवसांची वीज आहे, टाकीत दुपारनंतर पाणी नाही.

तरीही वागळे इस्टेटला ही कल्पना शोभते, आणि ती कारपेक्षा टेम्पोमुळे. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीचा जन्म झाला तो इथेच. आता इथे पासपोर्ट काढायला आलेल्यांची रांग दिसत असली तरी गाळ्यागाळ्यात मोल्डिंग, मशिनिंग, पॅकिंग चालूच असतं, आणि ह्या सगळ्याचा माल वाहतो छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस. त्याचं विजेवरचं रूप मे २०२२ मध्ये आलं: २१.३ युनिटची बॅटरी, म्हणजे बाल्कनीतल्या इन्व्हर्टरच्या जवळजवळ बारा बॅटऱ्या, चार चाकांवर. दिवसभर भिवंडी-तळोजा करून संध्याकाळी पाचसहा युनिट उरली तरी घरची रात्र निघते. त्यात ठाणे-डोंबिवली पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. टेम्पो मोकळा उभा आणि दुरुस्तीसाठी लाईट घालवायलाही बरेचदा तोच मुहूर्त. इतकी छान पत्रिका ठाण्यात दुसऱ्या कुणाची जुळली नसेल. पण घराला वीज द्यायची सोय आधी कारना मिळाली. ज्या गाडीचा मालक दोन तास बंद पडलेल्या मशीनचे पैसे मोजतो, तिला ती पहिल्यांदा मिळायला हवी होती. कंपन्यांनी वीकएंडला तंबूत कॉफी करणाऱ्या जोडप्याची जाहिरात काढली. रोड नंबर २२ वरच्या गाळेवाल्याला कुणी विचारलं नाही.

पावसाचा एक पेच राहतोच. लाईट हमखास जाते ती मुसळधार पावसात, आणि तेव्हाच पार्किंगमध्ये पाणी भरतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पावसाच्या इशाऱ्यानंतर चेन्नईकरांनी वेलाचेरीच्या पुलावर गाड्यांची रांग लावली होती. ठाणेकरानेही तीन हात नाक्याचा पूल गाठला, तर त्याच्या घरची वीज पुलावर आणि तो चौथ्या मजल्यावर.

ही सगळी गंमत झाली. एका बाबतीत मात्र थट्टा नको. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करून गाडीची किंवा जनरेटरची वीज घरातल्या सॉकेटमधून उलटी सोडायचा जुगाड काही वायरमन आनंदाने करून देतात. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज बाहेरच्या लाइनवर जाते, डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर पोचली की उलट चढून ११,००० व्होल्ट होऊ शकते, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात येते. म्हणून गाडी कुठलीही घ्या, घराच्या वायरिंगला जोडायची असेल तर चेंजओव्हर स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. तोवर सरळ एक्स्टेन्शन बोर्ड ओढा, त्यावर फ्रिज आणि पंखा लावा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांचा मोबाइलही चार्ज करून द्या.